सात जणांची साक्ष

आदल्या दिवशी काही विशेष घडलं नाही. मालक नेहमीसारखे सकाळी पोहून आले आणि ओल्या अंगानेच स्वयंपाकघरात शिरायला लागले. आईने त्यांना दारातच अडवलं.

"फरशी आत्ता पुसलीय. समुद्र अंगणात निथळून या."

"होविता, माझ्याच घरात मला बंदी?"

"घर तुमचं, फरशी माझी."

ते दारात उभे राहिले, मुद्दाम केस झटकले आणि मला म्हणाले, "आणि तू, निदिया, पुस्तकातून डोकं काढ. कॉफी उतू चाललीय."

कॉफी खरंच उतू चालली होती. उरलेली मी दोन कपांत ओतली, बिनसाखरेची. आमच्या एल कोरोसो गावात बिनसाखरेची कॉफी पिणारी माणसं दोनच, ते आणि मी. बाकी गाव कॉफीत साखर घालत नाही, साखरेत कॉफी घालतं.

नाश्त्याच्या वेळी एक जर्मन बाई टेबलाशी होत्या. मालकांच्या अतिथिगृहात चार खोल्या. येणारे लोक वाचून झालेली पुस्तकं मागे टाकून जातात, आणि मी त्याच पुस्तकांवर वाढले. बाईंनी कुस्करलेल्या केळ्यांचा घास घेता घेता एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मालकांकडे.

"ही तुमची मुलगी का? नाक तर तुमचंच आहे."

मालक हसले. "ही निदिया. शाळेत भाषा शिकवते आणि इथलं सगळं तीच बघते."

मी चीजची बशी पुढे सरकवली. कोणी खोटं बोललं नव्हतं.

दुपारी बदामाच्या झाडाखाली डॉमिनो झाला. चिचो त्यांचा जुना भिडू, बोटवाला. "मालक, इटलीत सगळे असाच रडीचा डाव खेळतात, की तुम्हालाच तिथून हाकलून दिलं?" मालकांनी उत्तर म्हणून शेवटची सोंगटी टेबलावर अशी आपटली, की पलीकडच्या दुकानातून फिफाची शिवी ऐकू आली. संध्याकाळी लाइट गेली. ते ओसरीवर बसून पायावरचे डास मारत होते. आत जाताना म्हणाले, "उद्या मासा नारळात कर. मिरची कमी." ते माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य.

सकाळी मालक पोहून परत आले नाहीत. चिचोची बोट इंजिन बंद करून, वल्ही मारत किनाऱ्याला आली. चिचो कधी वल्ही मारत नाही. ते बघूनच आईने हातातला झाडू खाली ठेवला.

आमच्याकडे प्रेत घरात ठेवतात. जवळची माणसं काळे कपडे घालून पेटीला लागून बसतात, शेजारीपाजारी पांढऱ्या नाहीतर करड्या कपड्यांत येतात आणि त्यांना आल्याचा चहा, कॉफी द्यायची असते. पेटीजवळच्या खुर्च्या त्या दिवशी रिकाम्या राहिल्या. मी करडा स्कर्ट घातला होता आणि चहा देत होते. लोक कप घ्यायचे आणि माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवायचे. "वाईट झालं" असं कोणी मला म्हणालं नाही, कारण मला ते का म्हणायचं हे आमच्या गावात कोणीच कधी उघड बोललं नव्हतं. फिफाने मात्र कप परत देताना म्हटलं, "बस की गं जरा." मी म्हटलं, "चहा संपलाय, टाकून येते."

मालकांची बायको इटलीत, तुरिनला असायची. दर नाताळात ती आणि तिची मुलगी ऑर्नेला यायच्या. तेवढे दिवस आई मला सांचेझ गावी मावशीकडे पाठवायची आणि स्वतः मागच्या खोलीत झोपायची. इतर वेळी ती त्या खोलीत झोपत नसे. मला बोलता यायला लागलं तेव्हा आईने त्यांच्यासाठी एक शब्द शिकवला, "मालक", म्हणजे नाताळात तोंडून भलतं काही निघायला नको. पाहुण्या परत गेल्यावरही तोच शब्द राहिला. माझी जन्मनोंद आईने एकटीने केली. आमच्याकडे एक आडनाव बापाचं असतं, एक आईचं; माझ्या ओळखपत्रावर आईचीच दोन आहेत.

ती बायको वारल्यावर आई एकदा स्पष्टच म्हणाली होती, "आता तरी नोंदणी कचेरीत चला. पोरीला नाव द्या."

पण त्याच्या थोडंच आधी शेजारचे मोन आजोबा गेले होते. त्यांच्या जमिनीचे वारस ठरवायला सात साक्षीदार लागणार होते, आणि त्या सातांना सामाना शहरात नोटरीकडे घेऊन गेले होते मालकच, आपल्या पिकअप गाडीतून. सात जणांनी सांगितलं की मोनला आम्ही ओळखत होतो, त्याची मुलं ही आणि ही, झालं. मालक परत आले ते एखादं देऊळ बघून आल्यासारखे. "आमच्याकडे माणूस मेला की आज्याच्या बाप्तिस्म्यापासून कागद गोळा करतात. आणि इथे? सात माणसं म्हणतात, आम्हाला माहीत आहे! याला म्हणतात देश." आईने नोंदणीचं काढलं, की ते हेच सांगायचे. "कशाला, होविता? निदिया कोणाची हे माहीत नाही असा एक माणूस दाखव या गावात. सात काय, सत्तर जण उभे राहतील."

मोन आजोबांच्या मुलांची नावं त्यांनी जन्मल्या जन्मल्या नोंदवली होती. साक्षीदारांनी नोंदवलेलंच पुन्हा सांगितलं होतं. इथल्या कुठल्याही शेंबड्या पोराला हे कळतं. मालक परदेशी होते. त्यांना आमच्यातलं जे आवडायचं, ते त्यांना कायदा वाटायचं.

ऑर्नेला दफनानंतर आली. पन्नाशीची, दातांची डॉक्टर, डोळे सुजलेले. तिने मला मिठी मारली. "तू मला नारळ सोलायला शिकवलं होतंस, आठवतं?" मला आठवत होतं. एका वर्षी मावशी आजारी होती म्हणून मी मागच्या खोलीतच राहिले होते. मालकांनी दोघींना ओसरीवर नारळ सोलताना पाहिलं आणि ते लगेच आत निघून गेले होते.

तिच्याजवळ तुरिनच्या नोटरीचे कागद होते, शिक्क्यांचे, फीत लावलेले. आम्ही सामाना शहरात वकील पेन्यालोंकडे गेलो. तिला इथली भाषा येत नाही, मला तिची येते, म्हणून मी दुभाषी.

पेन्यालोंनी कागद चाळून बाजूला ठेवले. "यांना सांगा, हे तिकडच्या घरासाठी ठीक आहे. वडील इथे राहिले, इथेच वारले. इथली मालमत्ता इथल्या कायद्याने जाणार. मुलांचा हिस्सा मृत्युपत्र करूनही कोणाला काढून घेता येत नाही. लग्नाचं मूल, बिनलग्नाचं मूल, कायदा फरक करत नाही." इथे त्यांनी कागदांची फीत सरळ केली. "बापाने नोंदवलेलं असलं म्हणजे. यांच्या बाबतीत एकच मूल आहे, म्हणजे काम सोपं. मुदतीत वारसा कर भरायचा, नाहीतर दंड चढत जातो. पण त्याच्याआधी सात साक्षीदार हवेत. मयताला ओळखणारे. त्यांनी शपथेवर सांगायचं की यांच्याशिवाय दुसरं मूल नाही."

मी सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. भाषांतर करताना माणूस वाक्याच्या आत नसतो, बाहेर उभा असतो. मी बाहेर उभी होते.

"पण मी इथे कोणाला ओळखते?" ऑर्नेला म्हणाली. "निदिया, तुला तर सगळं गाव ओळखतं. तू आणशील का सात जण?"

हे वाक्यही मी आधी पेन्यालोंना सांगितलं. ते मलाच विचारलेलं आहे हे नंतर लक्षात आलं.

पेन्यालोंनी मला जिन्यात गाठलं. ऑर्नेला खाली गाडीत बसली होती.

"मास्तरीणबाई, मी सामानाचाच आहे. तुमच्या मालकांबरोबर मासे खाल्लेत मी. मला काय माहीत नाही?"

"मग वर का बोलला नाहीत?"

"वर मी तिचा वकील आहे. जिन्यात मी तुमचा शेजारी. ऐका. ती वाईट बाई नाही. घर विकणार आहे, पण मी तिला पटवलंय, तुमच्या आईला मागची खोली हयातभर लिहून द्यायची. विकत घेणाऱ्यालाही चालतंय. सात सह्या झाल्या की त्याच दिवशी तो कागद करतो."

"आणि मी बोलले तर?"

"तर कोर्ट. तुमचं रक्त, तिचं रक्त, तपासण्या. ती तयार नाही झाली, तर थडगं उघडायची परवानगी मागावी लागेल. घराला कुलूप, दंड चढतोय, आणि वकील घर खाताहेत. माझ्यासकट. जिंकालही कदाचित. तेव्हा आई कुठे असेल?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं, तेच वाईट होतं. सात जणांनी सह्या केल्या की आईला छप्पर मिळणार होतं आणि मी मालकांची कोणी नव्हते हे शपथेवर, शिक्क्यानिशी खरं ठरणार होतं. आजवर ते फक्त न बोललेलं होतं.

मी घरोघर फिरले. चिचो बोटीला डांबर लावत होता.

"काय सांगायचंय तिथे?"

"जे माहीत आहे ते."

"मग घोळच की, पोरी."

"वकील वाचून दाखवतील. तुम्ही हो म्हणायचं."

त्याने ब्रश डब्यात बुडवला आणि बराच वेळ बाहेर काढलाच नाही. "मालकाला मी बोटीत घेतला ना, तेव्हा त्याच्या तोंडात वाळू होती. मी बोटाने काढली. आता माझ्या तोंडात तू भर." मग म्हणाला, "येतो. तू सांगतेस म्हणून येतो."

फिफा दुकानात तांदूळ मोजत होती. "त्या इटलीवालीला सांग, माझ्याकडे साबण आहे, मेणबत्त्या आहेत, बाकी माल संपलाय."

"फिफा, आईची खोली आहे त्यात."

तिने माप तसंच हातात धरलं. "होविताने सांगितलं तुला हे करायला?"

"तिने काही सांगितलं नाही."

"ती कधी सांगते! तुझ्या वेळी कळा सुरू झाल्या तर माझ्याकडे साखर मागायला आली, म्हणे जरा कसंतरी होतंय." तिने तांदूळ पोत्यात परत ओतले. "कधी जायचंय?"

असे सात झाले. चिचो, फिफा, पेटी बनवणारा सुतार, चर्चची घंटा वाजवणारा, आणखी तिघं. एकानेही नाही म्हटलं नाही. मला वाटत होतं, निदान एक तरी म्हणेल.

आईला मी आदल्या संध्याकाळी खोलीचं सांगितलं. ती चवळी निवडत होती. "बरं," एवढंच म्हणाली.

सकाळी उठले तर माझा करडा स्कर्ट खुर्चीवर नव्हता. त्याच्या जागी काळा पोशाख होता, आईचा, आजी गेली तेव्हा शिवलेला, कमरेत आत घेतलेला. टाक्यांचा दोरा नवा होता. फळीवरची इस्त्री अजून गरम होती. आमच्याकडे काळं कोण घालतं हे सांगायला लागत नाही. नोकर घालत नाहीत, शेजारी घालत नाहीत.

"आई, हे काय?"

"बघ बसतंय का."

"खोली जाईल."

"सांचेझला तुझ्या मावशीकडे जागा आहे. तिला म्हटलंय मी, खाट खिडकीकडे लाव." तिने कॉफी माझ्यापुढे ठेवली. बिनसाखरेची. आजवर तिने कधी स्वतःच्या हाताने तशी केली नव्हती. "आणि सांचेझला बोटीने जाणार नाही मी, सांगून ठेवते. माझी पाठ दुखते. गाडी कर."

"मी काही बोलेन असं म्हटलं नाहीये."

"मी तरी कुठे म्हटलंय? पोशाख घाल. उशीर होईल."

पिकअप मीच चालवली. मागे सात जण, पुढे ऑर्नेला. तिने माझा पोशाख पाहिला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझाही जीव होता त्यांच्यावर," ती म्हणाली. मी गिअर बदलला.

नोटरींची कचेरी दुसऱ्या मजल्यावर, खाली चिकन तळायचं दुकान. लाइट नव्हती. नोटरी म्हातारे, घामाघूम, दुपारच्या जेवणाआधी उरकायच्या घाईत. पेन्यालो खिडकीशी उभे होते. सात जणांना सात खुर्च्या नव्हत्या, म्हणून चिचो आणि सुतार भिंतीला टेकले. मी ऑर्नेलाच्या बाजूला बसून हळू आवाजात तिच्या भाषेत सांगत होते. नोटरी वाचायला लागले: आम्ही खाली सही करणार, वयाने सज्ञान, लिव्हिओ कार्लेव्हारो यांना कित्येक वर्षं व्यक्तिशः ओळखत होतो, आणि सर्वांना ठाऊक असल्याप्रमाणे शपथेवर सांगतो की मयताच्या मागे त्यांची एकुलती एक मुलगी ऑर्नेला हीच असून तिच्याशिवाय अन्य कोणतंही अपत्य...

"साहेब," चिचो म्हणाला, "तेवढं परत वाचा."

नोटरींनी परत वाचलं.

"हां. माझा चष्मा घरी राहिला. मला सही नाही करता येणार."

"तुला चष्मा लावूनही वाचता येत नाही," सुतार पुटपुटला.

"मग तू कर ना आधी!"

सुताराने पेन घेतलं, कागदाकडे बघितलं आणि पेन फिफाच्या हातात दिलं. फिफाने ते पुढच्याला दिलं. पेन एखाद्या गरम बटाट्यासारखं सात जणांतून फिरलं आणि टेबलावर परत आलं.

"हा काय पोरखेळ आहे?" नोटरी तापले. "मयताला दुसरं मूल होतं का? हो की नाही?"

खाली तेलात काहीतरी टाकल्याचा आवाज आला.

"ते आम्हाला कशाला विचारता?" फिफा म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "सत्तर जण आणा नाहीतर सातशे. ज्याचं त्याने बोलल्याशिवाय आम्ही कोण सांगणारे?"

नोटरींनी चष्मा काढून डोळे चोळले. बहुधा तेव्हा त्यांना काळा पोशाख दिसला. आवाज एकदम खाली आला. "हे पाहा, मी सर्वांनाच सांगतो. नोंद नसेल तर इथे कोणी काही बोललं तरी मला या कागदात लिहिता येत नाही. कोर्टातच जावं लागतं. फक्त एवढं होईल, की हा कागद आज पुरा होणार नाही."

पेन्यालो खिडकीतून मान न वळवता म्हणाले, "आणि त्याच्यामागचा दुसरा कागदही."

ऑर्नेलाने माझ्या दंडाला हात लावला. "निदिया, काय म्हणतायत? सही का करत नाहीत?"

भाषांतर करायचं वाक्यच नव्हतं. सह्या का नाहीत, हे कोणी म्हटलंच नव्हतं. ती माझ्याकडे बघत वाट पाहत होती. रडून लाल झालेलं तिचं नाक, मधोमध तोच बाक, जो मी रोज आरशात बघते. मला वाटतं तिलाही त्याच क्षणी दिसायला लागलं होतं, कारण तिचा हात माझ्या दंडावर होता तो सैल झाला, पण तिने काढला नाही.

मला मागची खोली आठवली, तिच्या खिडकीतून दिसणारा वाळूचा तुकडा. आई आत्ता तिथे भांडी बांधत असेल. बांधत असणारच.

"कारण त्यांना खोटी शपथ घ्यायची नाहीये," मी तिच्या भाषेत म्हटलं. मग उभी राहिले. काळ्या पोशाखाची कड खुर्चीच्या खिळ्यात अडकली, ती सोडवली, आणि आमच्या भाषेत, भिंतीशी उभ्या असलेल्या चिचोपर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाले:

"लिव्हिओ कार्लेव्हारो माझे पप्पा होते."